भोपळ्यावरचं नाव

माझ्या थोरल्या मुलीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा साठीला टेकलो होतो आणि मला माझं स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला वाचता येत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पाण्याच्या टाकीमागची पडीक जमीन नगरपालिकेनं छत्तीस तुकडे पाडून आम्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांना भाजीपाल्यासाठी दिली होती. त्या रविवारी सकाळी छत्तीसही तुकड्यांवरची माणसं कामं टाकून एका बिळाभोवती गोळा झाली होती. पुढचे उकिडवे बसले होते, मागचे टाचा उंचावून बघत होते, आणि एकजण तर उलट्या बादलीवर चढला होता. मधोमध एक गोरा, गोल चेहऱ्याचा माणूस जमिनीला कान लावून आडवा पडला होता.

"शूऽऽ," तो म्हणाला. "बोलतोय."

"कोण?" कोणीतरी विचारलं.

"राजा. उंदरांचा राजा. म्हणतो, बाबा, आम्ही उपाशी नाही, आम्ही दुखावलोय." बाबा उठून बसला आणि त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "उंदीर म्हणजे काय? उंदीर म्हणजे भूक. भूक म्हणजे काय? भूक म्हणजे इच्छा. मी उंदराशी बोलत नाही रे बाळांनो, मी इच्छेशी बोलतो!"

"मग त्या इच्छेला सांगा, भोपळा सोड आणि दोडका खा," मागून शिंपीणकाकू म्हणाल्या. "यंदा दोडका फार आलाय."

चारजण हसले. मी हसलो नाही. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

हसण्यासारखी माझी अवस्था नव्हती. त्या वर्षी शेजारचं धान्याचं गोदाम बंद पडलं आणि तिथले सगळे उंदीर, सगळ्या घुशी भिंतीखालून आमच्याकडं आल्या. भोपळा वरून बघावा तर टणटणीत, कौतुकानं उचलावा तर हातात नुसतं टरफल. खालून मुठीएवढं भोक, आत बियांची फोलपटं. चार महिने पाणी घातलेला वेल, आणि फळ कोणाचं तर घुशीचं. इस्पितळात तीस वर्षं बॉयलर पेटवला मी. निवृत्त झाल्यावर मला करायला आणि मिरवायला एवढे भोपळेच होते.

बाबानं तीन नियम सांगितले. प्रत्येक भोपळ्याखाली त्यानं फुंकर मारलेली वीट ठेवायची. वेलाभोवती हातभर जागेत गवताची काडी दिसता कामा नये. आणि बिळं त्यानं भारलेल्या दगडांनी बुजवायची. वर दर पाचवा भोपळा 'राजाचा', म्हणजे बाबाच्या हातगाडीत.

"हे तर मी अकरा वर्षं सांगतेय," माझी ताई मला म्हणाली. "गवत काढा, फळ विटेवर ठेवा, बिळं बुजवा. मी सांगितलं तर कटकट, त्यानं सांगितलं तर मंत्र!"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. सगळी हयात इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुण्यात आणि वाळत घालण्यात गेली. नवरा गेल्यावर तिनं शेवटचा, गोदामाच्या भिंतीलगतचा तुकडा घेतला. तो कोणालाच नको होता. तिनं तिथले दगड वेचले, जुन्या खाटेच्या जाळीचे पिंजरे करून भोपळ्यांवर घातले. त्या तुकड्याशिवाय तिला दुसरं काही नव्हतं. पहाटे उठायला कारण लागतं, असं ती म्हणायची, आणि ते कारण म्हणजे तो तुकडा.

बाबाचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. "डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात," ती शिंपीणकाकूंना म्हणाली, "इथं भोपळा पोखरून बाबा निघाला." ते बाबाच्या कानावर गेलं. कोणी नेलं? मी नेलं.

मी बाबाचा उजवा हात झालो होतो. त्यानं मला एक कापडी पिशवी दिली आणि कानात सांगितलं, "हे निरोपाचं पीठ. रोज दिवेलागणीला तुझ्या बहिणीच्या पलीकडच्या कुंपणाशी आणि त्या शिंपिणीच्या बांधावर शिंपड. राजाला निरोप जातो, की जा बाबा, जिथं श्रद्धा नाही तिथं जा. पिशवीत डोकावू नकोस. डोकावलास तर निरोप उलटतो."

मी डोकावलो नाही. अशी माझी अक्कल. रोज संध्याकाळी जायचो, ताईला "काय गं, झालं का पाणी?" म्हणायचो, आणि ती वाकली की मागं पिठाची मूठ सोडायचो.

आठवड्याभरात आमच्याकडचे उंदीर ओसरले. आणि ताईच्या तुकड्यात, जिथं अकरा वर्षांत एक फळ वाया गेलं नव्हतं, तिथं पिंजऱ्याखालून माती उकरून घुशी आत शिरल्या. शिंपीणकाकूंचे सातपैकी पाच गेले. लोक कुंपणाशी उभे राहून बघायचे आणि गालावर हात मारून घ्यायचे. जी सगळ्यांत निगुतीनं करत होती तिचंच गेलं, आणि जे कालपर्यंत गवतात लोळत होते त्यांचं वाचलं. चमत्कार आणखी कसा असतो?

ताई एकेक टरफल उचलून खड्ड्यात टाकायची. एकदा म्हणाली, "बाळ्या, एवढ्या घुशी एकदम माझ्याकडंच का रे? मी काय वाढून ठेवलंय?"

साठीतला बाळ्या त्यावर म्हणाला, "श्रद्धा ठेव, ताई."

मग ते नाव निघालं.

माझा तुकडा फाटकाजवळ, नळाशेजारी. मी बाबापाशी बसायचो, म्हणून माझ्या वेलांना पाणी ताईच घालायची. सगळ्यांत मोठा भोपळा पानांच्या गर्दीत होता. तो विटेवर नीट बसवायला म्हणून फिरवला, तर मागच्या बाजूला उठावदार, पांढरट, खरखरीत रेघा. वर एक लांब आडवी रेघ आणि तिला लोंबकळणारी तीन चिन्हं. कोणी कोरलं म्हणावं तर खाच दिसत नव्हती. फळाच्या अंगातूनच वर आल्यासारखं होतं.

मी तो भोपळा तोडला, छातीशी धरला आणि बाबाकडं धावलो. आमच्या कमिटीचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमन होते. त्यांनी चष्मा पुसला, भोपळा उजेडाकडं धरला आणि त्यांचा आवाजच बदलला.

"पत्ते वाचण्यात माझी चाळीस वर्षं गेली," ते म्हणाले. "हे तुझं नाव आहे. तुझंच."

बाबा क्षणभर गप्प राहिला. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला आज कळतो. बिचाऱ्यालाही धक्का बसला होता. पण तो कसलेला गडी. दोन्ही हात वर करून ओरडला, "लिहिलं! राजानं लिहिलं! पहिल्या भक्ताचं नाव फळाच्या कातडीवर उमटलं!"

लोक माझ्या पाया पडले. मी हे कोणाला सांगत नाही, पण इथं लिहितो. ताई आणि शिंपीणकाकू सोडून सगळ्या तुकड्यांवरची माणसं माझ्या पाया पडली आणि मला ते आवडलं. जन्मभर जिथं तिथं अंगठा उठवलेला माणूस मी. रजेच्या अर्जावर अंगठा, पगाराच्या कागदावर अंगठा. आणि आता कोणीतरी, जगाच्या मालकानं म्हणा, माझं नाव लिहून मला पाठवलं होतं. मी त्या रेघांवरून बोट फिरवत होतो आणि माझे डोळे वाहत होते.

ताई गर्दीतून पुढं आली. हात मातीनं भरलेले, चेहरा उजळलेला. तिला वाटलं मी तिच्यासाठीच रडतोय.

"सापडलं का रे तुला?" ती म्हणाली. "मी पिकेपर्यंत थांबणार होते. तुझ्या साठीला द्यायचं होतं. मी लिहिलंय ते, सुईनं. भोपळा लिंबाएवढा होता तेव्हा."

बाबानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

आणि मी म्हणालो, "ताई, तुला धड अंगठा उठवता येत नाही. तू नाव काय लिहिणार!"

लोक हसले. खूप हसले. बादलीवर चढलेला तर खाली पडला. ताईचा चेहरा धुवून पिळलेल्या चादरीसारखा झाला. ती वळली आणि आपल्या तुकड्याकडं गेली. मी तिच्या पाठीकडं बघत होतो आणि भोपळा छातीशी तसाच होता.

त्या वाक्याला आता बरीच वर्षं झाली. मी कितीतरी गोष्टी विसरलोय. ते एक वाक्य विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. मला वाटलं भांडेल. पण तिनं नावाचा विषयही काढला नाही. ती म्हणाली, "शिंपीणकाकूंनी तुला पीठ टाकताना पाहिलंय. मला खरं-खोटं करायचं नाही. एकच कर. आज ते पीठ माझ्याकडं टाकू नकोस. तुझ्या तुकड्यात टाक, भोपळ्यांशेजारी. निरोपाचंच पीठ आहे ना? मग तुझ्याकडचे उरलेसुरले उंदीरही जातील."

मी रागानंच टाकलं. म्हटलं, बघच आता.

सकाळी जाऊन पाहतो तर तीन भोपळे पोखरलेले. एकाच्या आत अजून एक घूस बसली होती, ती माझ्याकडं बघून शांतपणे बी सोलत राहिली.

तेव्हा मला कळलं. सगळं कळलं. मी पिशवीत डोकावलो, बोट चाटलं. भाजलेलं पीठ, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ. उंदरांना मी रोज जेवायला वाढत होतो, माझ्या बहिणीच्या दारात. आल्यासरशी ते तिचे भोपळेही खात होते. आमच्याकडचे वाचले ते इतक्याचसाठी, की आम्ही गवत काढलं होतं, विटा ठेवल्या होत्या, बिळं बुजवली होती, आणि पलीकडं फुकटची पंगत बसली होती.

मग मी काय केलं? सांगतो. ती तीन टरफलं मी खताच्या खड्ड्यात पुरली, वर पाला ओढला, आणि संध्याकाळी जाऊन पीठ पुन्हा ताईच्या कुंपणाशी टाकलं. पुढचे आठ दिवस रोज टाकलं. पीठ खोटं म्हटलं तर बाबा खोटा, बाबा खोटा म्हटलं तर माझं नाव खोटं. माझं नाव मला सोडवत नव्हतं. न कळता केलं त्याला माफी असेल. हे मी कळून केलं.

त्या आठ दिवसांत बाबानं नवा निरोप आणला. राजा रागावलाय. भिंतीलगतचा तुकडा खोटं बोलणाऱ्या बाईकडं आहे, तो काढून श्रद्धावंताला द्यावा, नाहीतर घुशी परत सगळीकडं फिरतील. तुकडे काढायचा हक्क कमिटीला होता. रविवारी सकाळी अवजारांच्या खोलीसमोर बैठक ठरली.

ताई आली, एकटी नाही. तिच्याबरोबर शिंपीणकाकू होत्या आणि काखेत छत्री धरलेली एक किडकिडीत बाई होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी प्रौढांचा वर्ग चालायचा, तिथल्या त्या शिक्षिका.

"मला इथं बोलायचा हक्क नाही," बाई म्हणाल्या, "पण ह्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. सात महिने झाले, एक दिवस चुकलेल्या नाहीत."

मी ताईकडं पाहिलं. दुपारी ती शिंपीणकाकूंकडं गप्पा मारायला जाते असं मला वाटायचं. सहासष्टाव्या वर्षी पाटी घेऊन बसते हे सांगायला ती लाजत होती.

बाईंनी एक वही काढून पोस्टमनच्या हातात दिली. "वाचा."

पोस्टमननी पानं उलटली. पहिल्या पानावर माझं नाव. दुसऱ्या पानावर माझं नाव. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं.

"लोक आधी स्वतःचं नाव शिकतात," बाई म्हणाल्या. "ह्या म्हणाल्या, मला भावाचं शिकवा. आणि वळण बघा. आपण अक्षरं लिहितो आणि मग वर रेघ ओढतो. ह्या आधी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लावतात. मी किती वेळा सांगितलं. तर मला काय म्हणाल्या माहीत आहे? बाई, आधी दोरी बांधल्याशिवाय कपडे वाळत कसे घालायचे?"

पोस्टमननी भोपळा मागवला. वही शेजारी धरली. दोन्हीकडं तीच लांब रेघ, दोन्ही टोकांना अक्षरांच्या बाहेर बोटभर गेलेली, गाठ मारायला सोडल्यासारखी.

"हस्ताक्षर तेच आहे," ते हळूच म्हणाले.

"असणारच!" बाबा कडाडला. "राजानं तिच्याच हाताचं वळण घेतलं! लीला आहे ती!"

"राजालाही प्रौढ वर्गातच यावं लागलं म्हणायचं," शिंपीणकाकू म्हणाल्या.

बाईंनी वेलावरचं एक लिंबाएवढं हिरवं फळ शोधलं आणि ताईला सुई दिली. ताईनं आधी दोरी बांधली, मग अक्षरं वाळत घातली. "कोवळ्या सालीवर ओरखडा पडला की जखम मिटते, पण वण राहतो," बाई म्हणाल्या. "फळ फुगतं तसा वणही फुगतो. लहानपणी गुडघा फुटला असेल तर बघा, वण तुमच्याबरोबर वाढलाय की नाही. विश्वास ठेवू नका माझ्यावर. प्रत्येकानं आज एका फळावर लिहा आणि तीन आठवडे थांबा. आता दुसरं. ती निरोपाच्या पिठाची पिशवी कोणाकडं असते?"

शिंपीणकाकूंनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बोट केलं.

"यात काय आहे, सांगाल का?" बाईंनी मला विचारलं.

मला माहीत होतं. त्या सगळ्या गर्दीत बाबा सोडला तर मला एकट्याला माहीत होतं. पायाखालची वीट तेवढी मी बघत राहिलो.

तेव्हा ताई म्हणाली, "राहू द्या बाई. त्याला नका विचारू."

तिला ठाऊक होतं. खताच्या खड्ड्यातली टरफलं तिनं पाहिली होती. खड्डा उलथायचं कामही तीच करायची ना माझं. तिनं पाहिलं होतं आणि आठ दिवस ती थांबली होती, मी आपणहून येईन म्हणून.

मी पिशवीत हात घातला, मूठभर पीठ काढलं आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकलं. कोरडं होतं, ठसका लागला. "शेंगदाणे आहेत," मी म्हणालो. "गूळ आहे. आठ दिवसांपूर्वी कळलं मला. तरी टाकत राहिलो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं," पोस्टमन पुटपुटले. "इथं डोळसानं दळलं." तुकडा काढायचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. बाबानं राजाचा कोप होईल वगैरे म्हणून पाहिलं, पण हातगाडी ओढत तो फाटकाबाहेर पडला तेव्हा त्याला थांबवायला कोणी गेलं नाही. तीनचारजण अजूनही म्हणतात की बाबा खरा होता, पीठ तेवढं चुकलं. असतात अशीही माणसं. तीन आठवड्यांनी छत्तीस तुकड्यांवर नावंच नावं उमटली. बादलीवाल्यानं तर आपल्या फळावर सासूचं नाव लिहिलं होतं, घुशींनी तेच खावं म्हणून.

मी ताईची माफी मागायला गेलो. ती दगड वेचत होती. "माफी कसली," ती म्हणाली, "जाळी धर त्या टोकाला." मी धरली. थोड्या वेळानं मी म्हणालो, "मला शिकवशील?" तिनं काडी घेतली, मातीत एक लांब रेघ ओढली आणि काडी माझ्या हातात दिली. "घाल वाळत," ती म्हणाली. पुढच्या सोमवारपासून मीही दुपारच्या वर्गात बसू लागलो. मी आजही आधी रेघ ओढतो.

आता हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. घुशीला मंत्र कळत नाही, तिला शेंगदाणे कळतात. गवत काढा, फळ उचलून ठेवा, बिळं बुजवा, सांडलेलं धान्य झाडा. आणि जो म्हणेल की पिशवीत डोकावू नकोस, त्याच्या पिशवीत सगळ्यांत आधी डोकावा. पण मला त्याहून जास्त सांगायचंय ते माझ्यासारख्यांना. फसणं ही लाज नाही, फसतो कोणीही. फसलोय हे कळल्यावर जो गप्प बसतो, तो पुढच्याला फसवायला बाबाइतकाच हातभार लावतो. चमत्कार माझ्या समोर होता. सहासष्ट वर्षांची एक धोबीण लिहायला शिकली होती. तो मला दिसला नाही.

माझी ताई त्यानंतर सहा वर्षांनी, माझी नात पहिलीत गेली त्या वर्षी, जून महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी इस्पितळात वारली. तिला बहात्तर पूर्ण झाली होती. तिथल्या कारकुनानं शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं. मी ते बाजूला केलं, पेन मागितलं आणि नोंदवहीत तिच्या नावापुढं माझं नाव लिहिलं.